तोंडातला घोट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दारू चाखायची नोकरी करतात. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "आणखी एखादी जागा आहे का हो तिथे?" भावजीही हसतात. त्यांनी स्वतः दारू कधीच सोडलीय, हे या हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

ते आधी गोदामात होते, खोकी रचायला. परदेशातून बाटल्या मागवून आपल्या दुकानांतून विकणारी ती कंपनी. एकदा एका बंद खोक्यापाशी थबकून ते म्हणाले, "यातली एक पाझरतेय, आणि तिचं बूच कुजलंय." खोकं उघडलं तर खरंच तसं. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं नाकोबा, आणि नाकोबाची रवानगी झाली वरच्या मजल्यावर, चाखायच्या खोलीत.

चाखून थुंकायचं असतं, असा तिथे नियम होता. पाळत कुणीच नव्हतं. भावजीही पाळेनासे झाले. पुढचं सगळं मी जवळून पाहिलंय, कारण ताई मुलीला घेऊन माझ्याच घरी राहायला आली होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून आली आणि मुलीची शाळा माझ्या घरून सुरू झाली. मग एका सकाळी भावजी दारात उभे. दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं.

"सोडली," ते म्हणाले.

"नोकरी की दारू?" ताईनं विचारलं.

"दोन्ही."

दारू सुटली ती सुटलीच, आणि ताई मुलीला घेऊन आपल्या घरी परतली. नोकरी मात्र सुटता सुटेना. रंगाच्या दुकानात लागले, तर तिथल्या वासानं दुपारपर्यंत डोकं धरून बसायचे. मग एका लॉन्ड्रीत काउंटरवर बसले. तिथे एका गिऱ्हाइकाचा कोट हातात घेऊन सहज बोलून गेले, "हा अत्तराचा वास तुमच्या घरचा नाही." त्याची बायको शेजारीच उभी होती. लॉन्ड्रीवाल्यानं हात जोडले. नंतर कुणी दारात उभं करेना. घरी बसून बसून माणूस भिंतीचे पोपडे मोजायला लागला, तेव्हा कंपनीच्या मालकीणबाईंचा फोन आला. "परत या. माझ्याकडे तुमच्यासारखं नाक नाही. फक्त थुंकायचं, एवढीच अट."

ताईनं नाही म्हणावं, अशी माझी इच्छा होती. तिनं होकारही दिला नाही आणि नकारही. फक्त त्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला.

तेव्हापासून भावजी रोज संध्याकाळी घरात शिरले की बूट काढायच्या आधी ताईपुढे वाकून "हा" करायचे. खरं तर त्यात काही अर्थ नव्हता. थुंकलं तरी तोंडाला वास येतोच. गिळलं नाही, हे सिद्ध करायला त्यांच्याजवळ कधी काही नसायचं, आणि ताईलाही ते ठाऊक होतं. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघायची, मान हलवायची आणि आत जायची. एवढं झालं की दोघांचा दिवस संपायचा.

या वर्षी मालकीणबाईंच्या मनात आलं, की रोजच्या माणसाला परवडेल अशी एक आयरिश सिंगल माल्ट दुकानात ठेवायची. म्हणजे एकाच भट्टीतली, नुसत्या सातूपासून केलेली, लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की. अशा महाग बाटल्या पुष्कळ होत्या. स्वस्तातली चांगली मिळत नव्हती. नमुने आले. लेबलं कागदानं झाकून बाटल्या भावजींपुढे रांगेत मांडल्या. शेजारी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली एक मुलगी त्यांचं मत टिपायला बसली होती.

पहिलीत कच्च्या स्पिरिटचा भपका. दुसरी इतकी गोड की खोकल्याचं औषध बरं. भावजींनी चूळ भरली आणि पुढचा ग्लास उचलला. रंग फिका, वाळक्या गवतासारखा. ग्लास हलवून नाकाशी नेला. पिकलेलं नाशपती. मध. त्यामागे ताज्या भाजलेल्या पावाचा गरम वास. धूर नाही, ठसका नाही. त्यांनी घोट घेतला.

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. "बाकीच्या दारवा माझ्याशी भांडतात," ते म्हणाले. "त्या थुंकून टाकणं सोपं असतं. ही भांडली नाही गं. जिभेवर येऊन नुसती बसली, जशी काही घरचीच."

ते बेसिनपाशी गेले, वाकले, आणि तोंड उघडेना. घोट गिळायचा नव्हता. टाकवतही नव्हता. जिभेच्या कडेला जिरेमिऱ्यासारखा बारीक चटका लागायला लागला, मग सुकं लाकूड, मग पुन्हा मध. बेसिनच्या जाळीकडे बघत ते तसेच उभे राहिले.

"काय वाटतंय, सर?" मुलीनं मागून विचारलं.

तोंड भरलेलं. उत्तर कसं देणार? त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. तिला वाटलं, साहेब विचार करताहेत. ती पेन सरसावून कौतुकानं बघत राहिली. भावजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी त्यांनी बेसिनच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि थुंकले.

मग वळून म्हणाले, "पातळ आहे. चव लगेच विरते. घेऊ नका."

खोटं मत त्यांनी त्याआधी कधीच दिलं नव्हतं.

मालकीणबाईंनी बाटली बाद केली. त्या रात्री भावजींना शांत झोप लागली. पण काही महिन्यांनी तीच बाटली समोरच्या रस्त्यावरच्या दुकानात आली आणि हातोहात खपायला लागली. मालकीणबाईंनी एक विकत आणली, स्वतः चाखली आणि भावजींना केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचं नाक चुकलं?"

"नाही," भावजी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. बेसिन, जाळी, तोंडातला घोट. "मला गोदामात परत पाठवा. खोकी रचतो."

बाई वाईट नाहीत. त्यांनी स्वतः उठून भावजींना पाणी दिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ती इतकी चांगली आहे."

"हो."

"मग मागवायलाच हवी. आणि तिचा जो नवा माल येईल तो तुम्हीच तपासायचा. ती तुमच्याइतकी कुणाला कळणार? सांभाळून करा."

भावजी घरी आले ते त्या दिवशी वाकलेच नाहीत. ताईचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिला बसवलं आणि झालेलं सांगितलं. "मी ही नोकरी सोडतो," ते म्हणाले.

"आणि?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पुन्हा घरात बसाल? मागच्या वेळी घरात बसला होतात, तेव्हा मी जास्त घाबरले होते."

दुसऱ्या दिवशी ताई न सांगता ऑफिसात गेली. मालकीणबाईंशी काय बोलली कोण जाणे. पण आता तो माल आला की चाखायच्या खोलीत बेसिनशेजारी एक खुर्ची मांडतात आणि तिच्यावर माझी बहीण विणकाम घेऊन बसते. लोकांना मजा वाटते. नाकोबावर पहारा, म्हणतात. भावजी घोट घेतात, बेसिनपाशी येतात, ती सुया थांबवते. ते थुंकले की टाके पुन्हा सुरू. दारूच्या वासानं तिचं डोकं उठतं. तरी ती एकदाही चुकलेली नाही. आधी एकच माणूस त्या खोलीत अडकला होता, आता दोन, असं मी एकदा तिला म्हटलं. "असू दे," ती म्हणाली.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ताईनं आयुष्यात थेंब चाखलेला नाही. भाजी निवडता निवडता ती अचानक म्हणाली, "अहो, लागते तरी कशी हो ती?"

भावजींनी पेपर खाली ठेवला. डोळे मिटले आणि सांगायला लागले. आधी नाशपती, पण फोड नाही, साल काढताना हाताला येतो तो वास. मग मध. मग सकाळी बेकरीचं दार उघडतं ना, तसं. आवाज खाली खाली जात होता, आणि सांगता सांगता त्यांचा घसा एकदा हलला, गिळल्यासारखा.

ताईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे," ती म्हणाली.