साडेतीन इंचांचा पंचम

केशोराव गुरुजींना वयाच्या बेचाळीस वर्षांत कोणी गाताना ऐकले नव्हते, आणि त्यावाचून गावाचे काही अडलेही नव्हते. दवनीवाड्याच्या पुढे दोन कोसांवर त्यांची चार वर्गांची शाळा. पण १९५३ साली वरून परिपत्रक आले: स्वतंत्र देशातल्या शाळेची प्रार्थना सुरात झाली पाहिजे, सबब प्रत्येक गुरुजीने गोंदियाला जाऊन पंधरा दिवसांत संगीत शिकून यावे.

“पंधरा दिसात तं कोंबडीचं अंडं बी फुटत नाही जी,” शिदोरी बांधता बांधता त्यांची बायको धुरपताबाई म्हणाली.

गोंदियात शिकवायला छोटेलालजी होते. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, एरवी बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सा वाजवला, मग प. “सा से पा तक का फासला कान में बिठाओ, गुरुजी. बाकी सब इसी से निकलेगा.”

गुरुजींच्या कानात काही बसेना. पंचम म्हणजे पाचवा, हे नावावरून कळत होते. पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजत गेले की तो आठवा भरे. ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टीच नव्हती. ती कोणी काढून नेली असावी, अशी त्यांना शंका आली. शेवटी त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली, पेटीवर ठेवली आणि वहीत लिहिले: सा ते प, साडेतीन इंच.

“अरे, ये इंच मेरी पेटी के हैं, सुर के नहीं!” छोटेलालजींनी कपाळावर हात मारून घेतला. तोवर बाकीच्या गुरुजींनीही आकडा उतरवून घेतला होता. मोजता येते तेच शिकवता येते, यावर सगळ्यांचे एकमत होते.

गावी परतल्यावर मुले पाढ्यांच्या चालीवर साडेतीन इंच घोकू लागली.

दोनेक महिन्यांनी गुरुजी कामानिमित्त गोंदियाला गेले. रेल्वेचे फाटक बंद होते. तेवढ्यात धानाच्या गिरणीचा दुपारचा भोंगा सुरू झाला आणि त्याच्यावरच इंजिनाने शिटी दिली. दोन आवाज सा आणि प यांसारखे एकमेकांत असे बसले की गुरुजींच्या अंगावर काटा आला. फाटक उघडले तरी ते सायकल धरून तिथेच उभे. मागचा गाडीवाला ओरडला, “काऊन जी, झोपून राहिले का?”

गुरुजी तडक छोटेलालजींकडे गेले. त्यांनी सा दिला, गुरुजींनी डोळे मिटून प लावला. आवाज फाटका होता, पण जागेवर होता. छोटेलालजी हसले. “अब घर जाओ. आ गया.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मुलांना इंच विसरायला सांगितले. पण छड्या खाऊन पाठ केलेला आकडा पोरे कशी विसरणार? आणि त्याच आठवड्यात शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले.

प्रार्थना होईस्तोवर साहेब घड्याळाला चावी देत होते. मग त्यांनी विचारले, “सा आणि प यांतील अंतर किती?”

“साडेतीन इंच!” शाळा एकमुखाने गरजली.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “शेजारच्या शाळेत त्यांच्या पेटीवर मोजून सव्वातीन भरले.”

“साहेब, पेट्या लहानमोठ्या राहतात,” गुरुजी चाचरत म्हणाले. “खरं अंतर कानानं समजते.”

“कान तपासणीत येत नाही, गुरुजी.”

शेरा पडला: सा व प यांतील अंतर पाव इंच जास्त आढळले. महिन्याभरात कमी करून कळवावे.

गुरुजींनी चार पानी उत्तर लिहिले. धुरपताबाईने ते त्यांच्याकडून वाचवून घेतले आणि विचारले, “सायबाले शिकवून राहिले का तुमी? नोकरी त्यायची हाये का तुमची?”

चार पाने चुलीत गेली. गुरुजींनी एकच ओळ पाठवली: अंतर कमी केले आहे. वीस वर्षांच्या नोकरीतले हे त्यांचे पहिले लेखी खोटे, आणि त्यावरच ‘कार्यवाही समाधानकारक’ असा पहिला चांगला शेरा आला. तो कागद त्यांनी कोणालाच दाखवला नाही.

पुढच्या वर्षी सूतकताईचे परिपत्रक निघाले. साहेब आले, टकळ्या मोजल्या, गेले. गाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. आणि मुले त्या वर्षी, इंच न घोकता, बरी गायली.