बारकूची तिसरी गंज

सिद्धगडाच्या पायथ्याशी कोळशाच्या भट्ट्या लावणारा ठेकेदार सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात धंदा आवरून निघून गेला. जाताना आपली मोटार भट्टीवरच्या मजुराला, जाणूला, देऊन गेला. "चढाला दमते रे ही. तूच ठेव," म्हणाला. लढाईत जखमींना नेणारी जुनी लष्करी गाडी ती, मागे दोन दारं, अंगावर पुसट लाल फुली. त्याच सुमारास जाणूचं झोपडं ज्याच्या मळ्याच्या कडेला होतं, त्यानं जागा परत मागितली. मग जाणूनं आणि त्याच्या बायकोनं, ठकूनं, चूल, मडकी आणि एक कोंबडी मोटारीत ठेवली आणि घर चालू केलं.

रात्रीपुरतं हे घर लावायचं कुठे, एवढीच काय ती अडचण. परका माणूस शिवेत मुक्कामाला दिसला की गावोगावचे पोलीस पाटील हजर व्हायचे. "कोन रे तू? कुठला? आन थांबलास का?" तिन्ही प्रश्नांना जाणूकडे धड उत्तर नसायचं. मग तो उताराचे रस्ते निवडू लागला. दिवेलागणीला गुरं घराकडे वळली, की त्यांच्या धुळीत इंजीन बंद करून मोटार गुपचूप गावात उतरवायची. तरी घोटाळे व्हायचेच. शाळेमागे लावली, तर सकाळी मास्तरांनी साहेब आले समजून पोरांकडून स्वागताचं गाणं म्हणवून घेतलं. एका गावात लाल फुली पाहून देवी टोचणारे आले अशी आवई उठली आणि बायका पोरांना काखोटीला मारून रानात पळाल्या.

"बरं झालं," ठकू म्हणाली, "गाव रिकामं झालं. आता निवांत नीज."

पण दिवाळीनंतर ठकूचे दिवस भरत आले. शेणव्याच्या पलीकडे एका गावाच्या कडेला मोटार थांबली, तेव्हा तिनं दाराला धरून सांगितलं, "आता मला हलवू नको रे. पोर वाटेत सांडंल."

"पाटील उठवंल ना गो."

"पाटील मानसाला नाव इचारतो. गवताला इचारतो का?"

जाणूनं आजूबाजूच्या गवताकडे पाहिलं. बाजूलाच बारकू नावाच्या शेतकऱ्याचं खळं होतं. तिथे भात झोडायला जाणू मजुरीवर लागला. खळ्याच्या कडेला गवताच्या दोन गंजी उभ्या होत्या. रात्रीच्या अंधारात जाणूनं मोटार त्यांच्या रांगेत कडेला लावली, माळावरचं गवत कापून आणलं आणि तिला चहूबाजूंनी शाकारून टाकलं. मागच्या दाराशी तेवढी वाट ठेवली, तीही पेंढीनं झाकता येईल अशी.

खळं उभं असताना आपलं धान्य, आपलं गवत मोजायचं नाही, बरकत जाते, असा तिथला रिवाज. बारकू तर पहिली पायलीसुद्धा 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून ओतणारा. त्यामुळे शेजारी जेव्हा म्हणाला, "बारकूदादा, औंदा गंजी वाढल्या वाटतं," तेव्हा बारकूनं गवताकडे पाहिलं, मान वळवली आणि मिशीला पीळ दिला. "देवाची किरपा," तो म्हणाला. पुढे पुढे तो येणाऱ्याजाणाऱ्याला आपणहून ती गंज दाखवू लागला. जाणू खाली मान घालून भात झोडत राही.

असेच काही दिवस सुखाचे गेले. मग एका दुपारी बारकूचा व्याही दामू मुरबाडहून बैलगाडी घेऊन आला. त्याच्याकडे गुरांना वैरण कमी पडली होती.

"न्या की," बारकू हात उंचावून म्हणाला. "ती कडेची सगळी न्या. जाणू, उपस रे गंज!"

जाणूच्या हातातली पेंढी गळाली. नाही म्हणायची सोय नव्हती. तो गंजीशी गेला आणि एकेक काडी ओढू लागला.

"गवत काढतोस का उवा?" दामू ओरडला. त्यानं स्वतः गवत ओढायची आकडी घेतली आणि जोरात हाणली.

ठण्ण.

"कोन हाय रे?" गवत म्हणालं.

दामू दोन पावलं मागे सरला. बारकूनं आकडी घेतली, गवत बाजूला सारलं, आणि लोखंड दिसलं. त्यानं जाणूकडे पाहिलं. जाणूनं हात जोडले होते. आता एका शब्दानं ठकू पुन्हा रस्त्यावर येणार होती.

दामूनं विचारलं, "व्याही, हे काय?"

इतके दिवस साऱ्या गावाला दाखवलेली गंज. ती आपली नाही म्हणायचं कसं? बारकूनं घसा खाकरला.

"मोटार हाय. आमचीच. धूळ बसू नाय म्हून झाकली."

"आन आत बाई?"

"डायव्हरची."

"आन तुमी सांगितलं नाय!" दामू हरखलाच. बैलगाडी तिथेच सोडून, काचेवरचं गवत ओढून टाकून तो पुढच्या बैठकीवर चढला, मुंडासं सारखं केलं आणि म्हणाला, "चला, मुरबाडला सोडा. सोयऱ्यांची मोटार आमच्या गावालाबी दिसू दे."

तेवढ्यात आतून ठकूचं कण्हणं ऐकू आलं. बारकूची बायको गिरजा घरातून धावत आली, आत डोकावली आणि तिनं सुईणीला हाक मारली. पुरुषांना तिनं हुसकलं. दामू मात्र उतरेना. त्यानं पुढच्या काचेतून समोरच्या भाताच्या राशीकडे पाहत प्रवास चालूच ठेवला. ऊन कलतं झालं तसं मागून बाळ रडलं.

गिरजा हात पुसत बाहेर आली. "पोरगी झाली. आता धा दिस, सोयर फिटेस्तवर, मोटारीला कुनी हात लावायचा नाय."

दामू तेव्हा कुठे उतरला. मुंडासं पुन्हा सारखं करत त्यानं रास्त शंका काढली. "व्याही, मोटार तुमची. मग सोयर डायव्हरला का तुमाला?"

बारकूनं जाणूकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. पारावर पोलीस पाटील उभा राहून इकडेच बघत होता.

"दोघांनाबी," बारकू म्हणाला, आणि सोयर पाळत, देवळाची वाट टाळून लांबच्या वाटेनं घरी गेला.