गळ्यातली फळी

युद्ध सुरू झाले त्या हिवाळ्यात, सकाळच्या प्रार्थनेला, आयरिश साहेबाने माझ्या गळ्यात लाकडी फळी अडकवली. नवापूरजवळच्या मुलींच्या बोर्डिंगात मी शिकवत होते. तापाने फणफणलेल्या एका मुलीशी घरच्या कोकणीत, इथल्या डोंगरातल्या आदिवासी बोलीत बोलले, एवढेच.

"आवारात मराठीच," साहेब म्हणाला. मुली बघत होत्या.

फळीचा नियम साहेबाचाच. जिच्या गळ्यात फळी, तिने दुसरीला बोलीत बोलताना पकडायचे आणि तिच्या गळ्यात घालायची. तेव्हाच सुटका.

नंदुरबारकडचा स्वयंपाकी हसला. "बाई, शोभी ऱ्हायनी तुमले. मन्हाकडे नका दखू. मी स्वैपाकी शे." त्याच्या अहिराणीला फळी नव्हती.

दुपारी तीच आजारी मुलगी आली. मुद्दाम माझ्या कानाशी कोकणीत बोलली. फळी घ्यायला मान पुढे केली. मी तिला झोपायला पाठवले.

संध्याकाळी किल्ल्या द्यायला बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात आपल्या आयरिश भाषेचे व्याकरण घोकत होता. खुशीत होता. मलाच समजावू लागला.

"बो म्हणजे गाय. माझी म्हटले की मो वो. आमची म्हटले की आर मो. शब्दाचे तोंडच बदलते. आणि क्रियापद आधी. व्रिश मे. मोडले मी."

मग आवाज उतरला. "ही भाषा बोलले म्हणून शाळेत माझ्या आजोबांच्या गळ्यात काठी बांधत. दर शब्दाला एक खाच. खाचा मोजून मार."

त्याचे डोळे भरले होते. माझ्या गळ्यात फळी होती. म्हणजे त्याला माहीत होते. सगळे माहीत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या देशाचा सण होता. प्रार्थनेला तो मुलींसमोर आपल्या भाषेत स्तोत्र म्हणू लागला. मी पुढे गेले. फळी काढली. त्याच्या गळ्यात घातली.

"साहेब, आवारात मराठीच."

स्तोत्र थांबले.

"काढ ही," तो म्हणाला.

"नियम तुमचा आहे. दुसरा कोणी सापडेपर्यंत काढायची नसते."

मागच्या रांगेतून आजारी मुलगी हसली. मग सगळ्या हसल्या. साहेबाने फळी ओढून काढली आणि माझ्या अंगावर फेकली. मी उचलली.

दुपारी मला काढून टाकले. खांडबाऱ्याच्या स्टेशनापर्यंत चालत आले. फळी सोबत आणली.

साहेब अजून तिथेच आहे. फळीची दोरी कुजली होती. मी नवी लावली आहे.