कापूस उडेपर्यंत

डोमाजी भोयाला पैनगंगेनं आयुष्यात कधी दगा दिला नाही. त्याला बुडवलं ते लाल रंगाच्या एका डब्यानं.

ढाणकीच्या खालच्या अंगाला पैनगंगेचा एक बारमाही डोह आहे. तिथं त्याची नाव चालायची. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे मराठवाडा. पुलावरून जायचं तर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस मोडायचा. नावेनं गेलं तर एक विडी संपायच्या आत माणूस पलीकडे. कापूस वेचणाऱ्या बाया, सायकली, बकऱ्या, सगळं नावेतल्या सपाट फळ्यांवर उभं राहायचं. नाव डोमाजीची, पण त्या फळ्यांवर हुकूम चालायचा त्याच्या बायकोचा, नलूबाईचा.

दर उन्हाळ्यात फळ्यांवरचा जुना लेप खरवडायचा. उघड्या लाकडाला चार दिवस ऊन दाखवायचं. मग डांबर, राळ आणि जवसाचं तेल कढईत तापवून नवा लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच वरून नदीची वाळू भुरभुरायची, म्हणजे ओल्या पायांना पकड मिळते. इथवर काम डोमाजीचं. लेप वाळला की नाही हे ठरवणार नलूबाई. ती घरून कापसाचा एक पुंजका आणायची, लेपावर ठेवायची आणि फुंकर मारायची. पुंजका उडाला तर नाव सुरू. एक तंतू जरी चिकटला तरी नाव बंद, मग घाटावर पाटील येऊन उभा राहो की तहसीलदार. त्या वर्षांत कापसाला कोणी विचारत नव्हतं, घराघरात तो आढ्यापर्यंत पडून होता आणि घाटावर दुसरा विषय निघत नव्हता. पण नलूबाईच्या त्या चिमूटभर कापसाची पत काही कमी झाली नाही.

आता डोमाजी माणूस सोन्यासारखा, पण नव्या वस्तूचं त्याला भारी वेड. एकदा पुसदच्या बाजारात दुकानदारानं त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारायचा लालभडक तेलरंग दाखवला. झालं. गड्यानं डबा उचलला आणि घरी येऊन फळ्या आरशासारख्या चकचकीत करून टाकल्या.

"वाळू टाका वरून," नलूबाई म्हणाली.

"वाळूनं चमक जाते ना."

"चमकीवर उभं राह्यते का कोणी?"

पण डोमाजी कसला ऐकतोय. अख्खं गाव लाल नाव पाहायला आलं, आणि दोन दिवस याचे पाय जमिनीला लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी नलूबाईचे पाय त्या फळ्यांना लागले, तेही ओले. ती अशी आपटली की डावा पाय मोडला. दीड महिना प्लास्टरमध्ये होती. ज्या दिवशी प्लास्टर निघालं, त्या दिवशी तिनं शांतपणे सांगितलं, "मी तुमच्या नावेवर आता पाय ठेवत नाई."

आणि तीन वर्षं ठेवला नाही. त्यांची एकुलती लेक, उर्वशी, पलीकडच्याच गावात दिलेली. तिच्या घरावरचं टिनाचं छप्पर नलूबाईला स्वतःच्या अंगणातून दिसायचं. तरी बाई लंगडत फाट्यावर जाणार, दोन एसट्या बदलणार आणि संध्याकाळी लेकीच्या दारात पोचणार. डोमाजी रोज गावाला पार करायचा आणि घरची बाई तेवढी काठावर. लोक हसायचे. तोही हसायचा, पण त्याचं जेवण कमी झालं होतं.

चूक त्याला कळली होती. पण खरवडायचा कंटाळा. दोन उन्हाळे त्यानं लाल रंगावरच डांबर फासलं. चकचकीत रंगावर डांबर धरतं थोडंच? पावसाळा लागला की सापानं कात टाकावी तसं ते सुटायचं आणि खालून लाल रंग पुन्हा दात दाखवायचा. नलूबाई काठावरून ते बघायची आणि एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं डोमाजीला वाटे.

तिसऱ्या उन्हाळ्यात उर्वशीला दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे दुसरं सासरी व्हायचं होतं. घरात सासू नाही, नणंद नाही. ऐन वेळी एसटीच्या भरवशावर नलूबाई पोचणार कशी, या विचारानं डोमाजीची झोप उडाली. बोलून उपयोग नव्हता, तीन वर्षं बोलून झालं होतं. त्यानं एका सकाळी विळा घेतला आणि खरवडायला बसला.

आठ दिवस लागले. डांबर गेलं, लाल रंग गेला, विटेच्या तुकड्यानं घासून घासून शेवटी मूळ लाकूड वर आलं. हाताची सालटं निघाली. लाकडाला ऊन दाखवलं, कढई चढवली, लेप दिला, आणि मग डोमाजीनं जी वाळू टाकली ती दोन नावांना पुरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठाला बांधलेल्या नावेजवळ बसला होता, तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. नलूबाई होती. ती वाकली, काठावरूनच हात लांब करून कापसाचा पुंजका फळीवर ठेवला आणि फुंकर मारली. पुंजका चिकटून बसला.

"उद्या पाहू," ती म्हणाली.

डोमाजीला वाटलं, जग जिंकलं. तीन वर्षांनी ती नावेबद्दल बोलली होती.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. उर्वशीच्या शेजारचा प्रेमसिंग तोंडाशी हात धरून ओरडत होता, "काकी, पोरीले कळा सुरू झाल्या. तुमाले बलावून राह्यली." सकाळची एसटी तासाभरापूर्वीच निघून गेली होती. दुसरी दुपारी.

डोमाजी उठला. बांबू हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. चल म्हणायची त्याची हिंमत होईना. तिची शपथही त्याच्यामुळे आणि ओला लेपही त्याचाच. नलूबाईनं पलीकडच्या टिनाकडे पाहिलं, मग फळ्यांकडे पाहिलं. चपला काढून हातात घेतल्या.

"ओला हाये अजून," डोमाजी कसाबसा म्हणाला.

"ओलं डांबर घसरत नाई," ती म्हणाली. "वाळल्यावरच तर तुमचा भरोसा नाई." आणि तिनं पाय टाकला.

एरवी तंतू चिकटला तरी तहसीलदाराला थांबवणारी ती बाई त्या ओल्या लेपावरून सात पावलं चालली आणि मधोमध उभी राहिली. तळवे डांबरात घट्ट बसले होते. एक हात तिनं डोमाजीच्या खांद्यावर ठेवला होता, पडायची भीती नसताना. डोमाजीनं त्या दिवशी नाव अशी नेली की पाण्यालाही पत्ता लागू नये. डोळे पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

पलीकडे प्रेमसिंगच्या बायकोनं रॉकेलनं नलूबाईचे पाय घासले, साबणानं दोनदा धुतले, तेव्हा कुठं तिला आत सोडलं. दुपारची एसटी फाट्यावर यायच्या आधी उर्वशीला मुलगी झाली. पहिल्यांदा तिला हातात घेतलं ते नलूबाईनं.

पुढच्या उन्हाळ्यात डोमाजी पुन्हा खरवडायला बसला. यावेळी नलूबाई नावेतच बसली होती, मांडीवर नात घेऊन. सगळ्या फळ्या झाल्या, पण मधली सात पावलं येताच विळा थांबला. पावसाळा झाला, बाया गेल्या, बकऱ्या गेल्या, तरी ती पावलं डांबरात खोल बसलेली होती.

"काहून थांबले?"

"तुहे पाय हायेत," डोमाजी म्हणाला. "हे राहू देतो."

नलूबाईनं त्या पावलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पाय माह्यापाशीच हायेत अजून," ती म्हणाली. "खरवडा. लेप दिला की कापूस घेऊन येतो मी."

डोमाजीनं विळा उचलला आणि पहिल्या पावलापासून सुरुवात केली.