पांढरी शेपटी

लॉइड हाल्वर्सनला स्वच्छ कामाचा भारी सोस. पस्तीस वर्षं सरोवराकाठच्या ॲशलंड गावच्या पोस्टात पत्रं खणांत लावून निवृत्त झाला आणि घराच्या तळघरात लोकांच्या जुन्या घरगुती फिल्म डीव्हीडीवर उतरवून द्यायला बसला. गॅरेजात, बुटांच्या खोक्यांत पडलेली रिळं गावकरी त्याच्याकडे आणायचे. सरोवराच्या बर्फाला भोक पाडून मासे धरणारे काका, ईस्टरचे नवे झगे, वाढदिवसाचे केक, सगळं त्यांत. लॉइड प्रत्येक रीळ मऊ फडक्याने पुसायचा, तुटलेलं जोडायचा आणि शेपटी कापायचा.

शेपटी हा त्याचाच शब्द. कॅमेऱ्यात रीळ घालता-काढताना टोकांना उजेड लागतो आणि शेवटचे तीनचार फूट पांढरे-केशरी भडकतात. त्यात चित्र असलंच तर अर्धं जळालेलं. सुरुवातीला कुणीतरी नाक मुरडलं होतं, "लॉइड, हे मध्येच काय लखलखतं?" तेव्हापासून हजारबाराशे रिळांच्या शेपट्या कात्रीखाली गेल्या. गाव म्हणायचं, काम करावं तर लॉइडने. तो मान खाली घालून "जमतं आपलं" एवढंच म्हणायचा. त्या मुलखात फुशारकी मारायची सोय नाही, फुगायचं ते आतल्या आत.

मार्लिस क्रूगर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. दोन वर्षांपूर्वी तिने घरची रिळं त्याच्याकडून उतरवून घेतली होती, पण आईच्या देखत ती लावायचा तिला धीर झाला नव्हता. या हिवाळ्यात आई गेली. मग एका दुपारी ती लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन लॉइडच्या दारात आली.

"सगळं छान आलंय, लॉइड. आई आहे, मी आहे, कुत्रासुद्धा आहे. पण डॅडी नाहीत."

"कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा ना? ज्याचा कॅमेरा, तो चित्रात नसतोच."

"ते खरं. पण एकदा त्यांनी माझ्या हातात दिला होता. सहा वर्षांची होते मी. म्हणाले, रीळ संपत आलंय, उरलेलं फुकटच जाणार, तू संपवून टाक. मी त्यांनाच घेतलं. हसत होते हो ते. पुढच्याच वर्षी गोदीवर अपघातात गेले. दुसरीकडे कुठेच ते हलताना-चालताना नाहीत."

लॉइडला आपली कात्री आठवली. उरलेलं रीळ पोराच्या हातात देऊन संपवायचं, ही तर घरोघरची रीत. त्याच्या स्वतःच्या बापाचीही तीच. म्हणजे गावातले बाप कुठे सापडायचे असतील तर त्या शेपटीतच, आणि त्याने त्या केराच्या डब्यात टाकल्या होत्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पस्तीस वर्षं एक पत्र चुकीच्या खणात न टाकलेल्या माणसाची जीभ वळेना. "लहान मुलांचा हात हलतो," तो म्हणाला. "बोटही येतं भिंगावर. उमटलंच नसेल."

मार्लिसने क्षणभर स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "असेल. मी पहिल्यापासूनच वेंधळी." वर त्याचे आभार मानून ती गेली.

"अहो, तुमच्या आवडीच्या वड्या आणि तुम्ही हात लावत नाही?" बायको आर्डिसने विचारलं. लॉइडने डब्याचं झाकण लावलं. स्वतःची इतकी किळस त्याला सत्तर वर्षांत आली नव्हती.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. लांब टेबलावर मार्लिस शेजारणीला सांगत होती, "बिचारा लॉइड काय करणार? माझंच बोट आलं असणार मध्ये. बापाचं एक चित्र घ्यायचं होतं, तेवढंही धड जमलं नाही." बायका हसल्या, तीही हसली.

लॉइडने कप खाली ठेवला. "बोट नव्हतं, मार्लिस." तो म्हणाला. "शेवटचा तुकडा मी कापला. सगळ्यांचेच कापत आलो. त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो."

कुणी आपल्या बशीकडे, कुणी खिडकीकडे पाहू लागलं. मार्लिस मात्र पुढे झुकली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, डोळे उजळले होते.

"म्हणजे तुम्ही पाहिलंत त्यांना? कसे दिसत होते? डोक्यावर टोपी होती का?"

त्या काळी गावातला प्रत्येक पुरुष चौकड्यांची कानटोपी घालायचा. 'हो' म्हणणं सोपं होतं, आणि ते बहुधा खरंही ठरलं असतं.

"मी पाहिलं नाही गं. कापायच्या आधी मी कधी बघतच नसे."

मार्लिस उठली, किटली घेऊन आली आणि त्याचा कप भरला. त्या गावात वैऱ्याचाही कप रिकामा ठेवत नाहीत.

"साखर नको ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"नको," लॉइड म्हणाला. मान वर करायचं त्याला धैर्य झालं नाही.