मिशीवालीचे मूळ नाव

संपूर्ण पुणे शहरात मृत व्यक्तींच्या शोधार्थ सर्वाधिक अर्ज करणारा जिवंत मनुष्य म्हणजे बिबवेवाडीचे आमचे गुलाबवाले काका, हे मी अर्जलेखक या नात्याने कोठेही लिहून देण्यास तयार आहे. जुन्या गुलाबांना ज्यांची नावे दिली ती माणसे कोण होती, याचा छडा लावणे हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. "साहेब, आणखी एक बाई सापडत नाहीत," असे म्हणत ते कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलापाशी येत, आणि मी दमल्या बोटांनी टंकयंत्रात कागद सरकवीत असे. बसमध्ये शेजाऱ्याला नाव विचारून झाले की ते कोणावरून ठेवले, हेही ते विचारीत. एक गृहस्थ "आमच्या आत्याला विचारा" असे म्हणून दोन थांबे आधीच उतरले होते.

लष्कर भागातला एक बंगला संगणक कंपनीच्या इमारतीसाठी पाडला गेला, तेव्हा काकांनी तेथून एक गुलाब मुळासकट आणला. माळी मंडळी त्याला 'मिशीवाली' म्हणत. देठावर लव आहे म्हणून, असा खुलासाही करीत. बुंध्याशी मात्र पितळी पट्टी निघाली: 'मिस इव्हलीन'. काकांचे जेवणावरून लक्षच उडाले. "अहो, एका कुलीन बाईंना आपण इतकी वर्षे मिशा लावल्या," ते म्हणाले. त्या बाईंची ओळख पटवून कुंडीवर खऱ्या नावाची पाटी लावायची, हा एकच ध्यास उरला.

दफनभूमीची नोंदवही पाहण्यासाठी मी अर्ज केला. त्यात रकाना होता, 'मयताशी नाते'. काकांनी तेथे 'माळी' असे लिहवून घेतले. अर्ज परत आला.

"आजोबा, माळी हे नातं नाही, नोकरी आहे," कारकून म्हणाला.

"नोकरीला पगार असतो," काका म्हणाले.

मी 'हितचिंतक' सुचविले, 'परिचित' सुचविले, ते ऐकेनात. पाचव्या खेपेस कारकूनच थकला आणि त्याने वही उघडली. मिस इव्हलीन; पत्ता त्याच बंगल्याचा; वय वर्षे चार.

काकांनी त्या आकड्यावर बोट ठेवले, मग वही मिटून कारकुनाकडे सरकवली. बाहेर आल्यावर मी पाटीचा मजकूर विचारला.

"पाटी नको. मिशीवालीच राहू द्या," ते म्हणाले. "चार वर्षांची पोर ती. हसेल तरी."

काका गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. अलीकडे तो अर्ज संगणकावर भरतात. नात्यांची यादी त्यात आधीच ठरलेली असते. तिच्यात माळी नाही. मी दोनदा पाहिले.