अर्जाची शेवटची ओळ

माझ्या टेबलावरून निघणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते, असे मी अनेक वर्षे अभिमानाने सांगत आलो. ‘अर्जदाराकडून कळत नकळत काही चूक घडली असल्यास मेहेरबानांनी मोठ्या मनाने माफ करावे, ही नम्र विनंती.’ ही ओळ मला माझ्या वस्तादांनी दिली. साहेबाचा राग अर्ज उघडण्यापूर्वीच उतरवणारी ओळ, असे ते म्हणत. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु तहसील कचेरीच्या कुंपणालगत मांडलेल्या माझ्या टेबलापुढे पदवीधर माणसे उभी राहतात आणि त्यांच्या मजकुरातील चुका मी लाल शाईने काढतो. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढील प्रकार याच गर्वातून घडला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपल्यावर आमच्या गावच्या महाविद्यालयातील बास्केटबॉलच्या प्रशिक्षक मॅडम माझ्याकडे आल्या. वय तिशीच्या आत, पायात बूट, गळ्यात शिट्टी. त्या कंत्राटी होत्या. दरवर्षी नवा आदेश निघाला तरच त्यांचे काम पुढे चालू राही. प्राचार्यांनी तोंडी होकार दिला म्हणून त्या मुलींचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला घेऊन गेल्या होत्या. संघ दुसरा आला. परतल्यावर सत्काराऐवजी नोटीस मिळाली: लेखी परवानगीविना संघ का नेला?

एवढ्यावरच थांबले असते तरी चालले असते. स्पर्धेतील खेळ पाहून विद्यापीठाने आमच्या महाविद्यालयातील दोन मुलींना आपल्या संघाच्या निवड शिबिराला बोलावले होते. त्यांची नावे महाविद्यालयाने ठरावीक तारखेपर्यंत कळवायची होती. नोटिशीचा निकाल लागेपर्यंत नावे जाणार नाहीत, असे प्राचार्य म्हणत होते. त्यांपैकी एक, संघाची कर्णधार, उमापूरकडची. तिचे शेवटचे वर्ष होते. त्यातच तपासणी समिती येणार म्हणून बास्केटबॉलचे मैदान उखडून तिथे रंगीत फरश्या आणि कारंजे करण्याचा ठराव झाला होता.

“कबड्डीचं मैदान हाय तसंच ठेवणार,” मॅडम म्हणाल्या. “तिथं संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा मंडप पडतो, भाषणं होतात. आमच्या खेळाला माणसं जमत न्हाईत, म्हणून कारंजं आमच्या जागेवर.”

मी म्हणालो, “मॅडम, खरं बोलू का? टोपलीत चेंडू टाकायचा हा खेळ आपल्या भागात कोण बघतंय?”

“मुली खेळतात काका. तेवढं पुरं हाय.”

शेजारच्या टेबलावरचा मुद्रांक विक्रेता माझा जुना स्नेही. तो मधेच म्हणाला, “लिही बे गप. तुला कुठं उडी मारायचीय?”

मॅडम हसल्या. मग त्यांनी सांगितले की मैदानावरच्या रेषा रंगाअभावी त्या दर सोमवारी चुन्याने आखतात आणि कडीला लावायची जाळी सुतळीची त्यांनीच विणली आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मजकूर मात्र त्यांनी नेमका सांगितला: होकार तोंडी होता, तो कुणासमक्ष दिला गेला, नावे तारखेच्या आत जावीत, मैदान राहावे. शेवटी म्हणाल्या, “आणि काका, माफी लिहू नका. चूक झालेली न्हाई.”

“माफी नव्हे, ती पद्धत आहे,” मी म्हणालो. “माझ्या प्रत्येक अर्जात असते.”

“माझ्यात नको. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तवाच असं हात जोडणं सोडलं. मी काहून जोडू?”

मी मान हलवली. पण मनात राग आला होता. तीस वर्षे कागद लिहिणाऱ्या माणसाला काल आलेली मुलगी अर्ज कसा असावा हे शिकवते, असे मला वाटले. आणखीही काहीतरी वाटले होते, ते लिहिताना आजही लेखणी अडखळते. ‘या लोकांना’ आता एक ओळही वाकायला नको, असे वाटले होते. तो शब्द मी उच्चारला नाही, इतकेच.

अर्ज दोन पानी झाला. पहिले पान त्यांनी उभ्या उभ्या वाचले. दुसऱ्या पानावर चारच ओळी होत्या, चौथी माझी. मैदानावर मुली वाट पाहत होत्या आणि त्यांना घाई होती. “सांगितलं तसंच हाय ना?” त्यांनी विचारले. “निश्चिंत राहा,” असे म्हणून मी सहीची जागा बोटाने दाखवली. तळहात त्या ओळीवर होता. तो चुकून तिथे होता, असे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो.

पाचव्या दिवशी मॅडम परत आल्या. शिट्टी गळ्यात नव्हती. प्राचार्यांनी महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीसमोर पहिले पान उलटून टाकले होते आणि दुसऱ्या पानावरची शेवटची ओळच मोठ्याने वाचली होती. अर्जदाराने स्वतःच चूक मान्य करून माफी मागितली आहे, सबब चौकशीची आवश्यकता नाही, असा ठराव झाला. चूक सिद्ध झाल्यामुळे त्या संघातील मुलींची नावे पाठवणेही उचित नाही, असे ठरले.

त्यांनी अर्जाची प्रत माझ्यापुढे ठेवली. “काका, ही ओळ कुणाची?”

“पद्धतीची.”

“पद्धतीनं सही केली न्हाई. मी केली.” मग म्हणाल्या, “ही ओळ तुमची हाय, एवढं एका कागदावर लिहून द्या. तारखेला अजून चार दिवस हायेत.”

मी नकार दिला. अर्ज लिहिणारा मजकुराचा धनी नसतो, सही करणारा असतो, असा कायदा मी त्यांना ऐकवला. असा काही कायदा मला आजही ठाऊक नाही. आपल्या हाताने आपली चूक लिहून दिली तर टेबलापुढे कोण उभे राहील, ही खरी भीती होती. मॅडम वाद न घालता निघून गेल्या. मुद्रांक विक्रेत्याने सगळे ऐकले होते. त्याने त्या दिवशी मला चहाला हाक मारली नाही.

मी प्रत्येक अर्जाची स्थळप्रत ठेवतो. आपले म्हणणे खरे आहे हे स्वतःलाच पटावे म्हणून दुसऱ्या दिवशी मी जुने गठ्ठे सोडले. ओळ सर्वत्र होती: शेतमजुरांच्या अर्जात, विधवांच्या, निवृत्त शिपायाच्या. मग महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या घरचे तीन अर्ज निघाले, सातबारावरच्या नोंदीबाबतचे. हस्ताक्षर माझेच, कागद तोच. त्यांत ती ओळ नव्हती. तिथे मी लिहिले होते, ‘तातडीने कार्यवाही व्हावी.’ ती ओळ गाळायला मला कोणीच सांगितले नव्हते. गावातल्या इतर मोठ्या घरांचे अर्ज पाहिले, तिथेही तेच. ‘प्रत्येक अर्जात’ हे मी मॅडमच्या तोंडावर सांगितलेले वाक्य खोटे होते, आणि ते खोटे आहे हे तोवर मला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

गठ्ठे बांधून मी लिहायला बसलो. अर्ज लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या नावचा एक कागद जमेना. ‘अनवधानाने’ लिहिले, खोडले. ‘प्रचलित रीतीनुसार’ लिहिले, तेही खोडले. दीड पान घेऊन मी मैदानावर गेलो तेव्हा तारखेला एकच दिवस उरला होता. एका बाजूचा खांब काढून आडवा ठेवला होता. उरलेल्या अर्ध्या मैदानात मुली खेळत होत्या. मॅडमनी कागद वाचला, माझ्याच खिशातला पेन मागून घेतला आणि एक वाक्य सोडून सगळे खोडले. उरले ते असे: ‘ही ओळ अर्जदाराने नको म्हटले असताना मी लिहिली आणि सही घेताना तिच्यावर हात ठेवला.’

हाताचे मी लिहिले नव्हते. ते शब्द त्यांनी घातले होते.

“तुम्हाला दिसला होता?” मी विचारले.

“मागाहून आठवलं,” त्या म्हणाल्या. “हे असंच द्यायचं असंल तर द्या. न्हाईतर राहू द्या.”

मी ते वाक्य कोऱ्या कागदावर उतरवून काढले आणि तो कागद महाविद्यालयात नेला. आवक लिपिकाने वाचला, परत वाचला आणि शिक्का मारता मारता म्हणाला, “काका, शेवटी तुमची ती माफीची ओळ लिहायची राहिली की!”

कागद आवक झाला, प्राचार्य मात्र बाहेरगावी होते. ते परतले तोवर तारीख उलटली. नावे गेली नाहीत. जूनमध्ये मॅडमचा नवा आदेश निघाला नाही. आता त्या मांजरसुंब्याच्या बाजूला एका शाळेत मुलींना मुरमाच्या जमिनीवर शिकवतात, असे ऐकतो. कारंजे झाले. तपासणी समिती आली त्या दिवशी ते उडाले, पुढे कधी चालू असलेले मी पाहिले नाही. मी त्या रस्त्याने कमीच जातो.

यंदा उन्हाळ्यात ती कर्णधार मुलगी माझ्या टेबलाशी आली. पोलीस भरतीसाठी रहिवासी दाखल्याचा अर्ज हवा होता. तिने मला ओळखले होते. दुसऱ्या कोणाकडे का गेली नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. अर्ज लिहून झाला. तिने पेन हातात घेतला, पण टेकवला नाही.

“काका, शेवटची ओळ वाचून दाखवा.”

शेवटची ओळ फक्त दाखला मिळण्याबाबतची होती. मी ती मोठ्याने वाचली. मुद्रांक विक्रेता मान वर न करता ऐकत होता. तरीही ती थांबून राहिली, तिची नजर माझ्या हाताकडे होती. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले, तेव्हा तिने सही केली.